अझिलालचा तिखट मध

मोरोक्कोत आठ दिवस होतो, त्यातले मराकेशचे तीन गर्दीत आणि घासाघिशीत गेले, ते सोडून देते. ऊझूदचा 110 मीटरचा धबधबा सुंदरच आहे, पण सेल्फीवाल्यांनी दहा मिनिटं धड उभं राहू दिलं नाही. मला लिहायचंय ते परतीच्या, अझिलालकडच्या रस्त्याबद्दल.

डोंगरउतारावर लांबून मेंढरं बसल्यासारखे हिरवट-करडे ढीग दिसत होते म्हणून गाडी थांबवली, जवळ जाऊन बघते तर निवडुंग! आपल्या बांधावरच्या निवडुंगाचा भाऊबंदच, चौधारी कांड्या अगदी दाटीवाटीने उभ्या, धारांवर काट्यांच्या जोड्या. एक कांडी मोडली होती, तिथला पांढरा चीक सुकून पिवळट खडा झालेला. मी बोट पुढे केलं आणि मागून मध विकणाऱ्या आजोबांनी ओरडत माझं मनगटच धरलं, स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवली.

हाच तो युफोर्बिया रेझिनिफेरा. चिकातल्या रेझिनिफेराटॉक्सिनचा तिखटपणा स्कोव्हिल मापात 1600 कोटी, मिरचीतल्या शुद्ध कॅप्सेसिनच्या हजारपट. आजोबांनी त्याच्याच फुलांचा मध चमचाभर दिला. आधी नुसता गोड लागला, मग घशात मिरी चावल्यासारखी आग चढत गेली, पाणी पिऊनही जाईना.

आणि तिथेच आई आठवली. कॅन्सर हाडांत गेला होता, शेवटचे चार महिने मॉर्फिनवर, गुंगीत ती मला ओळखायची नाही आणि डोस कमी केला की रात्रभर कण्हायची. हॉस्पिटलात विचारलं की "सहन करावं लागेल" एवढंच उत्तर, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या चिकातलं हेच विष अगदी सूक्ष्म प्रमाणात मणक्यातल्या द्रवात सोडलं की आग आणि वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंवरचं टीआरपीव्ही1 नावाचं दार उघडं ते उघडंच राहतं, कॅल्शियम आत लोटतं आणि ते तंतू निकामी होतात. स्पर्श मात्र शाबूत राहतो. म्हणजे दुखणं कमी झालं असतं आणि मी हात धरलेला तिला कळलाही असता. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटवर याच्या चाचण्या झाल्यात, आईच्या वेळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दोन बाटल्या घेतल्या. घरी ताईला चमचाभर दिला, ती घसा धरून बसली, मग मी हे सगळं सांगितलं तेव्हा काही न बोलता तिने चमचा परत पुढे केला.