एनक्लेक्सच्या लॅब व्हॅल्यू: बीयूएन म्हणजे आपला ब्लड युरिया नव्हे

अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा द्यावी लागते. तिच्यातल्या लॅबच्या आकड्यांबद्दल हे. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही लॅबचा केएफटी, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात घ्या. वरच्याच ओळीत ब्लड युरिया असतो, शेजारी रेंज साधारण १५ ते ४०. मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या वॉर्डात वर्षभर काढलेल्या नर्सला ३८ चा आकडा दिसला की ती पुढच्या ओळीवर जाते, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेतल्या रिपोर्टवर मात्र युरिया नसतो, बीयूएन असतो. म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. त्याची रेंज १० ते २०. युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतो. म्हणून एनक्लेक्सच्या प्रश्नात बीयूएन ३८ दिसला, तर आपल्या हिशोबाने तो ८१ चा युरिया झाला. डोळे मात्र ‘नॉर्मल’ म्हणून पुढे सरकतात. सवय झालेल्या डोळ्यांना ही चूक नव्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त नडते.

बीयूएन एकटा वाचायचाच नाही, क्रिएटिनिनसोबत वाचायचा. क्रिएटिनिन ०.६ ते १.२ च्या आत आणि बीयूएन वर, गुणोत्तर २० च्या पुढे, तर आधी पाणी कमी पडलंय का ते बघायचं. मे महिन्यात नागपूरच्या कॅज्युअल्टीत ऊन लागून आलेला माणूस असाच असतो: जीभ कोरडी, नाडी जलद, लघवी गडद आणि थोडी. दुसरी शक्यता पोटातल्या रक्तस्रावाची, म्हणून काळी शौच होते का हे विचारायचं. दोन्ही आकडे सोबत वाढले तर किडनीकडे बोट.

प्लेटलेट्सचं गणित शून्यांचं आहे. डेंग्यूच्या दिवसांत आपण ‘वीस हजार’, ‘दीड लाख’ असं बोलतो. अमेरिकेत दीड लाखाचे एकशे पन्नास हजार होतात आणि स्वल्पविराम वेगळ्या जागी पडतो. यूके-ऑस्ट्रेलियात नुसतं २० लिहितात, तेच आपले वीस हजार. तिथे हिमोग्लोबिनही ग्रॅम प्रति लिटरमध्ये, म्हणजे आपलं १२ तिथे १२०. साखर मिलिमोलमध्ये: १८ ने गुणलं की आपले मिलिग्रॅम. ४ म्हणजे ७२, त्याखाली गेलं की हायपो, म्हणजे साखर फार कमी. क्रिएटिनिनचं उलट: आपल्या आकड्याला ८८.४ ने गुणलं की तिथले मायक्रोमोल, १.२ चे १०६ होतात. कुठल्या देशाची परीक्षा द्यायची हे ठरल्यावर त्याच एककात पाठ करा. दोन्ही एकदम डोक्यात घातलं की ऐन वेळी घोळ होतो. अमेरिकेचं ठरलं असेल तर मिलिमोल विसरा.

पाठ किती करायचं? एनक्लेक्स घेणाऱ्या एनसीएसबीएन या संस्थेच्या टेस्ट प्लॅनमधली यादी लोक समजतात त्यापेक्षा छोटी आहे: एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू), बीयूएन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, ग्लुकोज, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण), प्लेटलेट्स, डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी), सोडियम, पोटॅशियम, आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या पीटी, एपीटीटी, आयएनआर. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि तीन औषधांच्या लेव्हल घाला, पुरे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या तीनशे व्हॅल्यूंच्या पीडीएफला हात लावू नका. एका पुस्तकात डब्ल्यूबीसी ५ ते १० हजार, दुसऱ्यात साडेचार ते ११, यावरही डोकेफोड नको. सीमारेषेवरच्या आकड्यावर उत्तर अवलंबून ठेवणारा प्रश्न सहसा येत नाही. आणि २०२३ च्या एप्रिलपासून आलेल्या नव्या पद्धतीच्या केस स्टडीत रिपोर्टशेजारी नॉर्मल रेंज बऱ्याचदा छापलेलीच असते. मग विचारतात काय? आकडा बिघडलाय हे दिसल्यावर तुम्ही आधी काय कराल, हे.

पोटॅशियमवर वेळ घाला, कारण तिथे माणूस मिनिटांत जातो. रेंज ३.५ ते ५. रिपोर्ट आला ६.७. आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ‘सरांना कळवते’. पर्यायांत हा पर्याय जवळपास नेहमी असतो आणि भुरळ घालतो. पण नर्सच्या हातात असलेलं काम आधी: पोटॅशियम असलेली सलाईन चालू असेल तर बंद, रुग्णाला कार्डियाक मॉनिटर, ईसीजीच्या रेघेत टी वेव्ह उंच टोकदार आहे का, क्यूआरएस रुंदावलंय का ते बघणं, आणि लगेच फोन. ऑर्डर आल्यावर ईसीजी बिघडलेला असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट पहिलं. ते पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला सांभाळतं. इन्सुलिन-डेक्स्ट्रोज पोटॅशियम पेशींत ढकलतं, तेही तात्पुरतं. शरीराबाहेर काढायला डायलिसिस, डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) किंवा आतड्यात पोटॅशियम बांधणारं औषध लागतं. हा क्रम का, ते कळलं की पाठ करावं लागत नाही.

आणि ६.७ खोटाही असू शकतो. टूर्निकेट फार वेळ बांधून ठेवलं, मूठ उघड-मीट करायला लावली, बारीक सुईतून जोरात ओढलं किंवा सिरिंजमधलं रक्त सुईतूनच ट्यूबमध्ये दाबून भरलं, की पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए हे रसायन दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं तरी पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली दिसतं. म्हणून ट्यूब भरायचा क्रम: कल्चर, निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. रुग्ण ठणठणीत, ईसीजी साफ आणि लॅबचा शेरा हिमोलाइज्ड (नमुन्यातल्या पेशी फुटल्या) असेल, तर मॉनिटर लावून नमुना पुन्हा पाठवणं हेच उत्तर.

कमी पोटॅशियमही तेवढंच फसवं. हृदयाचं डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड हे डाययुरेटिक दोन्ही चालू असलेल्या रुग्णाचं ३.१ हे डायलिसिसवरच्या रुग्णाच्या ५.६ पेक्षा जास्त तातडीचं, कारण कमी पोटॅशियमवर डिगॉक्सिनचं विष चढतं. डिगॉक्सिनचा डोस थांबवा, नाडी मोजा, डोळ्यांपुढे पिवळं दिसतं का, मळमळतं का ते विचारा. पोटॅशियम शिरेतून कधीही पुश नाही. हाताच्या शिरेतून तासाला साधारण १० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक), पंपावर. देऊनही वाढत नसेल तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. ते कमी असेपर्यंत किडनी पोटॅशियम टाकतच राहते.

एकच आकडा एका बेडवर गोंधळ आणि दुसऱ्या बेडवर यश असतो. आयएनआर २.६ हे रक्त गोठू न देणारं वॉरफरीन घेणाऱ्यासाठी उत्तम, पण लिव्हर बायोप्सीला निघालेल्यासाठी थांबा म्हणून सांगणारं. एपीटीटी ७० हे तशाच कामाच्या हेपरिनच्या ड्रिपवर अपेक्षित, कारण नॉर्मल ३० ते ४० च्या दीड ते अडीच पट हवंच असतं. हेपरिन नसताना ७० आलं तर काळजी, पण आधी निळी ट्यूब रेषेपर्यंत भरली होती का ते विचारा. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं ट्यूबमधलं रसायन) असं ते प्रमाण आहे. ट्यूब अर्धी भरली की सायट्रेट जास्त होतं आणि गोठण्याची वेळ उगाच लांबते.

इथे विदर्भातल्या नर्सचं पारडं जड आहे, राजेहो. सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आपण गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत रोज पाहतो. अशा रुग्णाचं हिमोग्लोबिन ८ असलं तरी ते त्याचं नेहमीचं असू शकतं. लक्ष द्यायचं ते त्याच्या नेहमीच्या आकड्यावरून किती घसरलं याकडे. त्याच्या लाल पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीएवनसी खोटं कमी येतं, तेही लक्षात असू द्या. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ चालतं, रक्त पातळ झालेलं असतं.

लेबर रूममध्ये काम केलेल्यांना मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) नवं नाही, पण दोन गोष्टी बदलतात. मॅग्नेशियमची नॉर्मल रेंज तिकडच्या पुस्तकांत १.३ ते २.१ मिलीइक्विव्हॅलंट दिलेली असते. आपल्या लॅबा मिलिग्रॅममध्ये देतात, तिथे १.२ ने गुणायचं. एक्लॅम्प्सियावर (गरोदरपणातल्या झटक्यांवर) उपचार चालू असताना ४ ते ७ हवंच असतं, त्यामुळे ५.५ पाहून ड्रिप थांबवणं चूक. दुसरं, आपण श्वास १६ च्या खाली गेले की डोस थांबवायला शिकतो, अमेरिकन पुस्तकं १२ धरतात. गुडघ्याचा रिफ्लेक्स जाणं आणि लघवी तासाला ३० मिलीच्या खाली येणं, हे दोन्हीकडे सारखं. उताराही तोच, कॅल्शियम ग्लुकोनेट.

औषधांच्या लेव्हल: मनोविकारावरचं लिथियम ०.६ ते १.२, दीडच्या वर विषारी. डिगॉक्सिन २ च्या वर नको. फिटवरचं फेनिटोइन १० ते २०. बस.

सरावासाठी ड्युटीवरचे खरे रिपोर्ट सगळ्यात चांगले, रेंजचा रकाना तळहाताने झाकून. बिघडलेल्या प्रत्येक आकड्यापुढे वहीत चार गोष्टी: रुग्णात काय बघीन, कुठलं औषध रोखीन, काय तयार ठेवीन, कोणाला कळवीन. आकडे वहीत उतरवा, नाव नाही. रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायची सवय असेल तर आजच मोडा. परदेशात त्यावरून नोकरी जाते.

तिकडच्या वॉर्डात गंभीर आकडा आला की लॅब थेट नर्सला फोन करते. ऐकलेलं लिहून घ्यायचं, रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, तपासणी आणि आकडा परत वाचून दाखवायचा, ‘बरोबर’ असं ऐकल्यावर सांगणाऱ्याचं नाव आणि वेळ नोंदवायची, मग डॉक्टरला फोन, त्याचीही वेळ. ‘ओके, थँक्यू’ म्हणून फोन ठेवला तर तो निरोप पोचला असं धरत नाहीत. आणि दशांश चिन्ह तोंडाने स्पष्ट म्हणायचं: ‘सिक्स पॉइंट टू’. सिक्स्टी टू ऐकू आलं, तर तो आकडा पोटॅशियमचा असूच शकत नाही, हे त्याच क्षणी लक्षात यायला हवं.