फोल्डर कॉपी करणं सोडलं, त्याची हकिगत

कवळ्याच्या एका होमस्टेच्या मालकीणबाईंचा फोन आला. "पावतीवर खाली नंबर कुणाचा छापलाय हो? आमची गिऱ्हाइकं माशेलला फोन लावतायत." पावती उघडून बघितली. वर त्यांचं नाव, आणि तळाला माझ्या दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा फोन आणि जीएसटी क्रमांक. पोटात गोळा आला.

फोंड्यात आम्ही तिघं मिळून लहान होमस्टेंसाठी बुकिंगच्या साइट करतो, जँगोमध्ये, म्हणजे पायथॉनमधल्या वेबसाइट बनवायच्या तयार चौकटीत. नवीन काम आलं की शेवटच्या कामाचं फोल्डर कॉपी करायचं, जुनं नाव शोधून नवं घालायचं, आणि पुढे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. पावती दुरुस्त केली, माफी मागितली, पण त्या रात्री झोप लागेना म्हणून बाकीच्या साइटही तपासल्या. तीन साइटची 'सीक्रेट की' एकच निघाली. जँगो लॉगिनचं सेशन आणि पासवर्ड बदलायची लिंक याच गुप्त किल्लीने सही करून खरी-खोटी ओळखतो. एका साइटची किल्ली कुणाच्या हाती लागली असती तर तिन्ही घरं उघडी पडली असती. पावतीपेक्षा याची भीती मला जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी कुकीकटर घेऊन बसलो. ऑड्री रॉय ग्रीनफेल्ड यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं हे पायथॉनमधलं टूल. चवथीला नेवऱ्या साच्यात दाबून काढतात तसंच याचं काम: प्रोजेक्टचा एक साचा बनवायचा, टर्मिनलवर एक कमांड द्यायची, ते चार प्रश्न विचारतं आणि उत्तरं भरून नवं फोल्डर तयार करून देतं. पिप या पायथॉनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने घालायला गेलो तर उबुंटूने अडवलं, सिस्टिमच्या पायथॉनला हात लावू देईना. पिपएक्सने घातलं, तो प्रत्येक टूल वेगळ्या कप्प्यात ठेवतो, लगेच बसलं.

प्रश्न एका जेसन फाइलीत (नाव आणि त्याची किंमत अशी जोडीने लिहायची साधी फाइल) लिहायचे, आणि जिथे उत्तर हवं तिथे दुहेरी महिरपी कंसात त्या प्रश्नाचं नाव. फोल्डरच्या नावातसुद्धा हे कंस चालतात. होमस्टेचं नाव, फोन, जीएसटी क्रमांक, डोमेन असे प्रश्न लिहिले आणि कमांड दिली. पहिल्याच एचटीएमएल फाइलवर अडकलं: 'लोड' हा टॅग ओळखीचा नाही. अर्धा दिवस यात गेला. कुकीकटर आतून जिंजा वापरतं, म्हणजे कंसांच्या जागी उत्तरं भरणारं इंजिन, आणि जिंजाचे कंस आणि जँगोच्या टेम्प्लेटचे कंस दिसायला एकच. जँगोसाठी लिहिलेलं जिंजा स्वतःच वाचायला बघत होता. त्याच जेसन फाइलीत 'या फाइली न वाचता जशाच्या तशा उचल' अशी यादी देता येते. तिथे सगळं एचटीएमएल घातलं.

पण मग पावतीच्या तळाला होमस्टेचा फोन कसा येणार? तिथे माझे डोळे उघडले. फोन एचटीएमएलमध्ये असायचं कारणच नव्हतं. गिऱ्हाइकागणिक बदलणारं सगळं एका सेटिंग्जच्या फाइलीत आणलं, आणि पावती ते तिथून वाचते. साचा करायला घेतला नसता तर हे मी कधी केलंच नसतं.

किल्लीसाठी हुक लिहिला. प्रोजेक्ट तयार झाल्यावर आपोआप चालणारी ही छोटी पायथॉन फाइल दर वेळी नवी किल्ली काढून ठेवते. दुसरा हुक आधी चालतो. आमच्याकडे बऱ्याच जणांना होमस्टेचं नाव देवनागरीत हवं असतं. पायथॉनला तसं नाव चालतंही, पण सर्व्हर आणि डोमेनच्या पुढच्या कामात ते त्रास देतं. म्हणून रोमन लिपीतल्या छोट्या नावाचा प्रश्न वेगळा केला. ते चुकलं की हुक तिथेच थांबवतो आणि अर्धवट फोल्डर मागे राहत नाही. एक मात्र सांगून ठेवतो: अनोळखी माणसाचा साचा घेतलात तर त्याचे हुकही तुमच्याच मशीनवर चालतात. आधी उघडून वाचा.

या साच्यातून दोन प्रोजेक्ट काढले. मग पावतीच्या हिशेबात एक चूक सापडली, साच्यात दुरुस्त केली, आणि लक्षात आलं की आधी काढलेल्या दोघांना याचा पत्ताच नाही. कुकीकटर प्रोजेक्ट काढून देतं, पुढे त्याच्याशी संबंध ठेवत नाही. आम्ही तर एकच साइट वर्षानुवर्षं सांभाळतो.

म्हणून साचा कॉपियर या तशाच दुसऱ्या टूलवर नेला. त्यात नावाच्या शेवटी 'जिंजा' असं लिहिलेल्या फाइलीच तो वाचतो, त्यामुळे कंसांचं भांडण मुळातच मिटलं. परक्या साच्यातल्या कमांड चालवायला तो आधी मुद्दाम परवानगी मागतो, हेही मला पटलं. दिलेली उत्तरं आणि साच्याची आवृत्ती तो प्रोजेक्टमध्येच एका फाइलीत ठेवतो, आणि अपडेट म्हटलं की साच्यातले नवे बदल आणून मिसळतो. ती उत्तरांची फाइल साच्यात आपणच घालावी लागते. मी विसरलो होतो, पहिलं अपडेट झालंच नाही. साच्याला गिटचे (फाइलींचे बदल नोंदवून ठेवणारं टूल) टॅग, म्हणजे आवृत्तीच्या खुणा, लावाव्या लागतात.

परवा कवळ्याची साइट नव्या साच्यातून काढून घेतली आणि पहिलं अपडेट चालवलं. तीन फाइली बदलल्या, एका जागी टक्कर झाली: मालकीणबाईंनी जत्रेच्या दिवसांसाठी टाकून घेतलेली सूचना. ती हाताने जुळवली, पावती छापून बघितली, तळाचा नंबर मोठ्याने वाचला, आणि मगच साइट वर चढवली. दोन जुन्या साइट उरल्यात. त्यांच्या किल्ल्या त्याच रात्री बदलल्या होत्या, साच्यात मात्र त्या चवथीनंतर येतील.