बंद पडल्याची तारीख

बंद पडलेल्या नळयोजनांच्या आमच्या फॉर्मवर अकरावा रकाना आहे, 'योजना बंद पडल्याची तारीख'. आजवर ३७ गावांत तो मी भरला. अडतिसाव्या गावाचा फॉर्म मे महिन्यापासून टेबलावर पडून आहे आणि त्यातला तेवढा एक रकाना मला भरवत नाही.

मी समाजशास्त्र शिकवते आणि संस्था कशा निकामी होतात याचा अभ्यास करते. बुडालेल्या पतसंस्था, बंद पडलेले सहकारी कारखाने, कोरड्या टाक्या. घरचे म्हणतात, आदर्श गावांवर लिही की. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. जिथे टाकीला दरवर्षी रंग लागतो आणि नळाला पाणी नसतं, त्या गावात जाऊन कुणीतरी शांतपणे बसायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हे गाव बालाघाटाच्या उतारावरचं, चौदाशे लोकवस्तीचं. २००७ साली दहा टक्के लोकवर्गणी भरून इथे नळयोजना झाली. ओढ्याकाठी विहीर, पाच एचपीची मोटार, दीड किलोमीटर पाइपलाइन, शाळेमागे ३० हजार लिटरची टाकी. माणशी रोज ४० लिटर हे तेव्हाचं सरकारी प्रमाण. म्हणजे गावाला ५६ हजार लिटर, म्हणजे टाकी दिवसातून दोनदा भरायला हवी.

लोकांना वाटतं आम्ही गावात जातो ते प्रश्न विचारायला. खरं काम कपाटापासून सुरू होतं. प्रोसिडिंग बुक मी शेवटी मागते. त्यात सगळे ठराव सर्वानुमते मंजूर, सूचक तोच, अनुमोदक तोच, आणि वर्षभराच्या सह्या एकाच पेनाने केलेल्या. मी आधी वीजबिलं मागते. पाच एचपीची मोटार तासाला पावणेचार युनिटच्या आसपास खाते. दोनदा टाकी भरायची तर साधारण चार तास, म्हणजे दिवसाला पंधरा युनिट, महिन्याला साडेचारशे. मीटर न वाचता काढलेली सरासरीची बिलं बाजूला काढली की उरलेल्या आकड्यांवरून गावाने किती पाणी उपसलं ते कळतं. या गावाचे साडेचारशे युनिट दोनच हिवाळ्यांत भरले होते. नंतर ३००, १८०, ९० असे उतरत गेले. कुठेही एकदम तुटलेले नव्हते.

दुसरा कागद विहिरीच्या उपसा चाचणीचा, म्हणजे उपसून बघायचं की विहीर किती पाणी देते. त्यावरचा महिना आधी बघायचा, आकडे मागाहून. बालाघाटावर खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि फटींत. दिवाळीला विहीर तुडुंब, होळी झाली की तळ दिसतो. चाचणी भर उन्हाळ्यात घ्यायची असते, कारण योजनेची गरजच उन्हाळ्यात असते. इथली चाचणी नोव्हेंबरातली होती. इतकी साधी गोष्ट, शिकलेल्या माणसांच्या सह्या खाली, आणि कुणालाही ती खटकली नाही. दरवेळी माझं डोकं इथेच तापतं.

मग माणसं. दप्तरात दरसालचा शेरा, 'योजना सुरू'. माजी सरपंच म्हणाले, २०१२-१३ च्या दुष्काळात बंद पडली. एका निवृत्त अभियंत्यांनी २०१६ सांगितलं. वरच्या वस्तीतल्या आजी म्हणाल्या, "बाई, आमच्यात पाणी कवा आलंच न्हाई. नारळ फोडला त्या दिशी आलतं तेवढंच."

दुपारी पाणी सोडणाऱ्या तात्यांच्या घरी गेले. साठीच्या पुढचा माणूस. आधी काही बोलेनात. चहा झाल्यावर पत्र्याच्या पेटीतून शाळेच्या शंभरपानी वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. पिनांचा गंज पानांवर उतरलेला, कडांना ग्रीसचे अंगठे. रोजची एक ओळ. टाकी भरली की गोल, अर्धी भरली की अर्धा गोल, नाही भरली तर फुली. ओळीच्या शेवटी 'ख' म्हणजे खालच्या आळीला पाणी सोडलं, 'व' म्हणजे वरच्या वस्तीला. बारा वर्षांची नोंद, एकही दिवस न चुकता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसचं रजिस्टर वेगळं होतं, त्यात रोज 'पाणी सोडले' असं लिहावं लागायचं. पहिली वही हातात धरली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. या कामात असा कागद क्वचित हाती लागतो.

सुरुवातीचे एकोणीस महिने 'व' आहे. मार्च २००९ मध्ये तो थांबतो आणि पुन्हा कधीच येत नाही.

मी विचारलं. तात्या उठले, पायात चपला घातल्या आणि मला चावडीमागच्या चेंबरपाशी नेलं. फरशी बाजूला सारली. वरच्या वस्तीला जाणारा व्हॉल्व्ह घट्ट बंद, आणि त्याच्या मानेला सायकलच्या ट्यूबचे सहा-सात वेढे, वर गाठ. मी बोट लावलं तर ट्यूबचा तुकडा भुगा होऊन खाली पडला.

"ग्लँडची दोरी गेलती," तात्या म्हणाले. व्हॉल्व्हच्या मानेतून पाणी गळू नये म्हणून आत भरतात ती दोरी. "व्हॉल्व्ह उघडला की निम्मं पाणी हितंच गळायलं. वर तर चढंना गेलं. म्हनलं खालच्यांचं बी कशाला वाया घालवायचं, आट दिसाचं तर काम हाय. बांधून टाकलं. दोरी आना म्हनून दोनदा सांगितलं बगा मी, लिहून ठिवलंय."

वहीत ते खरंच आहे. 'दोरी सांगितली', आणि पुढल्या महिन्यात पुन्हा 'दोरी सांगितली'. तिसऱ्यांदा नाही.

"पण आजी म्हणतात पाणी कधी आलंच नाही. तुमच्या वहीत एकोणीस महिने 'व' आहे."

"लाईट रातीची असायची, ताई. टाकी भरून वर सोडंपतुर तीन वाजायचे. पान्याला जोर नसायचा, करंगळीएवढी धार. कोन उठणार?"

म्हणजे वहीतलं खरं, आणि आजींचंही खरं.

संध्याकाळी आवक फाइल चाळताना आणखी एक कागद सापडला. वरच्या वस्तीतल्या बायकांचा अर्ज, खाली अकरा अंगठे, मे २००९. सोबत उत्तराची प्रत, 'सदर योजना सुरळीत सुरू आहे'. चेंबरपासून हे कपाट शंभर पावलांवर आहे.

बॅरी टर्नर नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने अपघातांचे चौकशी अहवाल वाचून १९७८ साली मांडलं होतं, की मोठं अपयश एका दिवसात येत नाही. ते वर्षानुवर्षं आतल्या आत मुरत असतं, खुणा दिसत असतात, पण प्रत्येकाला एकच तुकडा दिसतो. त्याच्या अभ्यासातला एक अपघात वेल्समधल्या ॲबरफॅन गावचा. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीच्या कचऱ्याचा डोंगर घसरून शाळेवर आला, १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या त्या गाळाच्या धोक्याबद्दल तिथल्या पालिकेच्या अभियंत्याने १९६३ मध्येच पत्र लिहिलं होतं. मी हे दरवर्षी वर्गात शिकवते. अकरा अंगठ्यांचा कागद हातात येईपर्यंत मला ते ऐकीव ज्ञान होतं, असं आता वाटतं. इथे कुणी मेलं नाही, म्हणून चौकशीही झाली नाही. बायका तेरा वर्षं ओढ्यावरून पाणी आणत राहिल्या.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या घटनेला तारीख आहे, फोटो आहेत. सायकलच्या ट्यूबला तारीख कुणी लावायची?

एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, २०१३ लिही, कारणात 'लोकसहभागाचा अभाव' लिही, पुढच्या गावाला जा. या दोन शब्दांचा मला संताप आहे. बंद पडलेल्या प्रत्येक योजनेच्या अहवालात ते असतात. चौदाशे माणसांनी वर्गणी भरली, अकरा बायकांनी अंगठे उठवले, एका माणसाने बारा वर्षं न सांगता नोंद ठेवली. आणखी कसला सहभाग हवा होता?

मार्च २००९ लिहायला मन होतं. पण ती तारीख लिहिली की पुढचा रकाना येतो, 'कोणाच्या कृतीमुळे'. आणि व्हॉल्व्ह बंद करणारा हात तात्यांचा आहे. नोव्हेंबरातल्या चाचणीवर सही करणाऱ्यांचा हात तिथे दिसत नाही, दोरी न आणणाऱ्यांचाही नाही. ॲबरफॅनच्या चौकशीत ठपका सरळ राष्ट्रीय कोळसा मंडळावर आला, तरी एकाचीही नोकरी गेली नाही. इथे अहवाल वाचला गेलाच तर महिना चार हजारांवर काम करणाऱ्याला सगळ्यात आधी बोलावतील, तेही त्याच्याच वह्यांच्या आधारावर. निघताना मी तात्यांना विचारलं, हे वापरू का? म्हणाले, "वापरा की. खरं हाय ते." त्यांना पुढचं दिसत नव्हतं की सगळं दिसूनच ते बोलले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. गावात नवी योजना येणार आहे, आता माणशी ५५ लिटरची. विहीर तीच. दोन माणसं येऊन उपसा बघून गेली.

"कधी आली होती?"

"वसुबारसच्या दिशी. इहीर निस्ती भरल्याली. खूश होऊन गेले."

रात्री बसून मी अर्ज लिहिला. चाचणी मे महिन्यात पुन्हा घ्यावी, सोबत वीजबिलांचा तक्ता, तात्यांचं नाव कुठेही नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन दिला. खिडकीतल्या मुलाने शिक्का मारून प्रत परत केली. आवक क्रमांक घेतलाय, आणि प्रत त्या अकरा अंगठ्यांच्या झेरॉक्सला टाचून ठेवली आहे.