चिनी औषधांवरचं संशोधन: त्यातलं खरं किती? तुम्ही विचारलंत म्हणून

‘चिनी औषधांवर एवढं संशोधन झालंय म्हणतात, त्यातलं खरं किती?’ हा प्रश्न आयुर्वेदाचे विद्यार्थी विचारतात, फार्मसीची मुलं विचारतात, आणि घरातल्या आजारी माणसाला कुणी चिनी गोळ्या सुचवल्या की नातेवाईकही विचारतात. ‘सगळं थोतांड’ किंवा ‘हजारो वर्षांचं ज्ञान’ यांपैकी एक काहीतरी ऐकायला मिळेल, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. मला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. माझं सांगणं असं की संशोधनाच्या पेपरचा निष्कर्ष सगळ्यात शेवटी वाचा. आधी ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग उघडा आणि वनस्पती नेमकी कोणती, तिचा कोणता भाग, अर्क कसा काढला आणि मात्रा किती, हे तिथे सापडतं का बघा. यात ढिलाई असेल तर पुढच्या आलेखांवर वेळ घालवू नका.

असं का, ते मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाच्या शोधात फार स्वच्छ दिसतं. २३ मे १९६७ रोजी चीनमध्ये मलेरियावर औषध शोधायची गुप्त लष्करी मोहीम सुरू झाली. तारखेवरूनच तिचं नाव ५२३ पडलं. क्लोरोक्वीन या तेव्हाच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारा मलेरिया तेव्हा उत्तर व्हिएतनामच्या सैनिकांना आडवं करत होता. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतल्या यूयू तू या संशोधक स्त्रीकडे एका पथकाची जबाबदारी आली. जुने ग्रंथ आणि वैद्य यांच्याकडून दोन हजारांवर औषधी योग, म्हणजे औषधांच्या ठरलेल्या कृती, गोळा झाले, त्यांतले ६४० निवडले गेले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून जास्त अर्क मलेरियाग्रस्त उंदरांवर तपासले गेले. छिंगहाव नावाच्या वनस्पतीच्या अर्काने एकदा ६८ टक्के परजीवी दाबले. तोच प्रयोग पुन्हा केला तर कधी १२ टक्के, कधी ४०.

असा अर्क एरवी यादीतून बाद होतो. या पथकाने मात्र अर्क काढण्याच्या रीतीवर संशय घेतला. चौथ्या शतकातले वैद्य गे होंग यांच्या तातडीच्या उपचारांच्या ग्रंथात एक साधी कृती आहे: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळून रस काढा, सगळा प्या. उकळायचा उल्लेखच नाही. चिनी औषध म्हटलं की काढा आणि काढा म्हटला की उकळणं, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली की ते आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उष्णतेने कामाचा घटक मोडत असेल, या तर्काने त्यांनी ईथर वापरलं, कारण ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. मग अर्कातला आम्लधर्मी भाग, जो विषारी होता आणि मलेरियावर निष्प्रभही, वेगळा काढला आणि उरलेला उदासीन भाग तपासला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतले परजीवी शंभर टक्के संपवले. पुढच्या वर्षी पथकातल्या लोकांनी आधी स्वतः अर्क घेऊन पाहिला, मग हैनान बेटावरच्या रुग्णांना दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शुद्ध स्फटिक हाती आले. या रेणूत कार्बन १५, हायड्रोजन २२ आणि ऑक्सिजन ५. त्यातल्या दोन ऑक्सिजनांचा पेरॉक्साइड पूल परजीवीला मारतो, आणि रेणूतली नाजूक जागाही तीच.

वनस्पती आणि तिचा भाग यांचा घोळही इथेच होता. छिंगहाव या नावाखाली एकापेक्षा जास्त वनस्पती विकल्या जात. आर्टेमिसिनिन मिळतं ते आर्टेमिसिया ॲनुआमध्ये, दिसायला तिच्या जवळच्या आर्टेमिसिया एपिएसियामध्ये नाही. तेही पानांत, देठांत नाही, आणि फुलोरा येण्याच्या बेताला सर्वांत जास्त. एवढं सगळं जुळल्यावरही १९७३ साली गोळ्यांची पहिली चाचणी फसली, कारण गोळ्या पोटात नीट विरघळतच नव्हत्या. तीच पूड कॅप्सूलमधून दिली तेव्हा गुण आला. एका औषधाच्या वाटेवर जात, भाग, हंगाम, तापमान आणि गोळीचा कडकपणा इतक्या ठिकाणी पाय घसरू शकतो. यांतलं एकही ज्या पेपरात लिहिलेलं नाही, त्याच्या ‘परिणाम दिसला नाही’वर जसा विश्वास ठेवता येत नाही, तसा ‘परिणाम दिसला’वरही नाही.

जाता जाता, ‘मग त्या पानांचा चहाच का पिऊ नये?’ हेही हमखास विचारतात. आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम उतरतं, पानांतलं प्रमाण पिकागणिक बदलतं आणि अपुऱ्या मात्रेने ताप उतरला तरी परजीवी उरतात. शिवाय हा रेणू शरीरातून काही तासांत निघून जातो, म्हणून तो शरीरात जास्त दिवस टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटना चहाची शिफारस करत नाही ती यामुळेच. आपल्याकडे औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेने या वनस्पतीचे जास्त आर्टेमिसिनिन देणारे वाण तयार केलेत. ते लावायचे औषधनिर्मितीसाठी, परसातल्या काढ्यासाठी नव्हे.

वनस्पतीची ओळख चुकली तर काय होतं, ते ब्रसेल्समध्ये दिसलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यातल्या स्त्रियांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी व्हायला लागली. १९९३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पहिली नोंद आली. कॅप्सूलमध्ये स्टेफानिया टेट्रान्ड्रा, म्हणजे फांगजी, हवी होती. प्रत्यक्षात गेली होती ॲरिस्टोलोकिया फांगची, म्हणजे ग्वांग फांगजी. नावं जवळची, आणि वाळलेल्या मुळांच्या चकत्या नजरेला सारख्याच. बाधितांची संख्या शंभरावर गेली आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ॲरिस्टोलोकिक आम्ल डीएनएला चिकटतं आणि जनुकांत ओळखू येईल असा ठसा सोडतं. मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या साध्या पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने फांगजीतलं टेट्रान्ड्रीन नाही आणि ॲरिस्टोलोकिक आम्ल आहे हे माल उतरवतानाच कळलं असतं. हे आम्ल आपल्या ईश्वरीतही असतं, कारण ती ॲरिस्टोलोकिया इंडिका आहे. ‘आपली ती सौम्य’ असं मानण्याला आधार नाही.

गुळवेलीचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की रुग्णांनी घेतलेली वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे तपासलेलं नाही. बाजू कुठलीही घ्या, वाद नमुन्याच्या ओळखीवर येऊन थांबतो. म्हणून पेपरात पूर्ण वनस्पतिशास्त्रीय नाव, वापरलेला भाग, गोळा केल्याचं ठिकाण आणि महिना, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक आणि एचपीएलसी या घटक मोजण्याच्या यंत्रपद्धतीने मोजलेलं खुणेच्या, म्हणजे वनस्पती ओळखू येईल अशा, घटकाचं प्रमाण हवंच. ‘स्थानिक बाजारातून आणले’ एवढ्यावर भागवलं असेल तर पान उलटा.

मात्रेचं गणित कागदावर स्वतः करून बघा, दोन मिनिटं लागतात. उंदराची मात्रा माणसात बदलताना मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आकड्याला १२.३ ने भागतात. उंदराला शुद्ध घटक १०० मिलिग्रॅम प्रतिकिलो दिला असेल तर माणसाला ८.१, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ४९० मिलिग्रॅम. तो घटक वाळलेल्या मुळात ०.१ टक्का असेल, तर सगळाच्या सगळा उतरला असं धरूनही रोज अर्धा किलो मूळ लागेल. चिनी औषधसंहितेतल्या बहुतेक मुळांची रोजची मात्रा तीन ते पंधरा ग्रॅममध्ये बसते. तेव्हा असा पेपर त्या रेणूबद्दल काही सांगत असेल, त्या काढ्याबद्दल काहीच सांगत नाही.

गेल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने वाढलेला प्रकार म्हणजे नेटवर्क फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधातले घटक आणि शरीरातली प्रथिनं यांचं जाळं संगणकावर मांडणं, आणि विद्यार्थी इथेच जास्त फसतात. कृती ठरलेली आहे. एक योग घ्या. टीसीएमएसपी या चिनी औषधांच्या विदागारातून (डेटाबेसमधून) त्यातल्या वनस्पतींचे घटक काढा. तोंडावाटे उपलब्धता (गिळलेल्यातलं रक्तात पोचणारं प्रमाण) ३० टक्के किंवा जास्त आणि औषधसदृशता (रेणू औषधासारखा किती, याचा गुणांक) ०.१८ किंवा जास्त, ही गाळणी लावा. उरलेल्या रेणूंची लक्ष्य-प्रथिनं एका विदागारातून आणि आजाराची जनुकं दुसऱ्यातून घ्या, दोन्ही याद्यांतलं सामाईक काढा, स्ट्रिंग या प्रथिनांच्या विदागारावर जाळं विणा, सायटोस्केप या सॉफ्टवेअरमध्ये रंगवा आणि शेवटी डॉकिंग करा, म्हणजे रेणू प्रथिनात बसतो का ते संगणकावर बघा. आठवडाभरात पेपर तयार. अडचण अशी की आजार संधिवाताचा असो की मधुमेहाचा, वर तरंगून येतात क्वेरसेटिन, केम्फेरॉल, बीटा-सिटोस्टेरॉल हेच घटक, आणि लक्ष्यं म्हणून एकेटी१, टीपी५३, आयएल६, टीएनएफ. कारण उघड आहे. हे घटक जवळपास प्रत्येक हिरव्या पानात असतात आणि त्या प्रथिनांवर सगळ्यात जास्त लिहून झालंय, त्यामुळे विदागारात त्यांच्याच नोंदी दाट आहेत. रुग्णाला दिलेल्या काढ्यात तो रेणू किती होता आणि रक्तात किती पोचला, हे कुणी मोजलेलंच नसतं. या पद्धतीचा उपयोग पुढच्या प्रयोगाची दिशा ठरवण्यापुरता. तो प्रयोग त्याच पेपरात केलेला नसेल तर हाती फक्त एक अंदाज उरतो.

आता माणसांवरच्या चाचण्या. १९९८ साली एका पाहणीत असं दिसलं की चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेल्या ॲक्युपंक्चरच्या तपासलेल्या सगळ्याच्या सगळ्या चाचण्या यशस्वी होत्या. कोणत्याही उपचाराचं असं होत नसतं. अपयशी चाचण्या छापायला जात नसणार. २००९ साली चिनी नियतकालिकांतल्या ‘यादृच्छिक’ (रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेल्या) म्हणवणाऱ्या चाचण्यांच्या २,२३५ लेखकांकडे रुग्णांचे गट प्रत्यक्षात कसे पाडले याची विचारणा झाली, तेव्हा रीतसर पाडलेले गट निघाले २०७ चाचण्यांत. त्यांत आधुनिक औषधांच्या चाचण्याही होत्या, म्हणजे दोष एकट्या पारंपरिक वैद्यकाचा नाही. आणखी एक सापळा: एका गटाला नेहमीचं औषध, दुसऱ्याला नेहमीचं औषध अधिक काढा, आणि पहिल्या गटाला खोटा काढा नाहीच. अशा मांडणीत दुसरा गट जवळजवळ नेहमीच जिंकतो.

‘आमचं औषध माणसागणिक बदलतं, ते चाचणीत बसतच नाही’ ही तक्रार चिनी वैद्य करतात, आपले वैद्यही करतात. तिला उत्तर आहे. सिडनीत आयबीएसवर, म्हणजे आतड्याच्या सतत तक्रारींच्या विकारावर, झालेली आणि १९९८ साली जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेली चाचणी मिळवून वाचा. ११६ रुग्ण, तीन गट. एकाला वैद्याने तपासून त्याच्यापुरती बनवलेली औषधं, दुसऱ्याला २० वनस्पतींचा ठरावीक योग, तिसऱ्याला रंग-चव जुळवलेली खोटी कॅप्सूल. वैद्याने तपासलं मात्र सगळ्यांनाच, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि वैद्यालाही. सोळा आठवड्यांनी दोन्ही औषधी गट खोट्या कॅप्सूलपेक्षा बरे होते. उपचार थांबवल्यावर १४ आठवड्यांनी फरक टिकून होता तो फक्त वैयक्तिक औषधांच्या गटात. आयुर्वेदाच्या प्रत्येक पदव्युत्तर विभागात ही मांडणी शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

अलीकडे काम सुधारलंय. चिनी वनौषधी योगांच्या चाचण्या कशा लिहाव्यात याचे कन्सॉर्ट नावाचे नियम २०१७ पासून आहेत. २०२३ साली थोंगशिन्लुओ या योगाची हृदयविकाराच्या झटक्यानंतरची चाचणी जामामध्ये आली. रुग्ण ३,७७७; तीस दिवसांतल्या गंभीर घटना प्लासिबोच्या, म्हणजे खोट्या औषधाच्या, गटात ५.२ टक्के आणि औषधाच्या गटात ३.४ टक्के. दुसऱ्या देशांत, दुसऱ्या रुग्णांवर तेच दिसायला हवं, पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. त्याहून मला महत्त्वाची वाटते २०२४ ची लॅन्सेटमधली चाचणी. मेंदूतल्या रक्तस्रावावर एक चिनी योग सोळाशेंवर रुग्णांत तपासला आणि फायदा दिसला नाही, असं चिनी संशोधकांनीच सरळ लिहिलं.

राहिले नातेवाईक. घरी आलेल्या चिनी गोळ्यांच्या डबीवर घटक आणि उत्पादकाचा पत्ता वाचता येत नसेल तर ती उघडू नका. अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीसी-एसपीईएस नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण मिळायचं आणि त्याने रुग्णांचा पीएसए, म्हणजे या कर्करोगाचा रक्तातला निर्देशक, खरोखर उतरायचा. २००२ साली ते बाजारातून काढलं, कारण तपासणीत त्यात डीईएस हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध सापडलं. घरातलं माणूस वॉर्फरिनवर असेल तर दानशन ही चिनी वनौषधी असलेलं काहीही देऊ नका, त्याने रक्त आणखी पातळ होतं. आधीच दिलं असेल तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय) व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) त्याच दिवशी तपासून घ्या.