माझीच डिस्क, मलाच कुलूप

कूलर नुसती गरम वाफ फेकतोय, पण डोकं त्यानं तापलेलं नाही. क्रोम ब्राउझरच्या एका एक्स्टेन्शननं (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमनं) माझ्या सेटिंग्ज माझ्याच डिस्कवर ठेवाव्यात आणि ती फाइल मलाच वाचता येऊ नये, हे काही पचत नाही.

त्या एक्स्टेन्शनचं फोल्डर सापडणं कठीण नव्हतं. क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की आयडी दिसतो: ३२ अक्षरं, सगळी 'ए' ते 'पी' मधली. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम://व्हर्जन टाकलं की 'प्रोफाइल पाथ', म्हणजे क्रोम माझा डेटा ठेवतं त्या फोल्डरचा पत्ता, मिळतो. विंडोजमध्ये तो लपवलेल्या अ‍ॅपडेटात असतो. एक्स्प्लोररमध्ये पाथ चिकटवला की पोचलोच. आत 'एक्स्टेन्शन्स', त्यात आयडीचं फोल्डर, त्यात व्हर्जनचं, आणि तिथे मॅनिफेस्ट.जेसन, एक्स्टेन्शनची माहिती आणि परवानग्या लिहिलेली फाइल. 'लोड अनपॅक्ड' केलेलं, म्हणजे स्टोअरऐवजी आपल्याच फोल्डरमधून चढवलेलं, एक्स्टेन्शन मात्र इथे शोधू नये, ते मूळ जागीच राहतं.

मॅनिफेस्ट नोटपॅडमध्ये सरळ वाचता येतं. स्क्रीनशॉट काढणाऱ्या एवढ्याशा बटणाला परवानगी 'ऑल यूआरएल्स'ची, म्हणजे सगळ्याच वेबपानांची! बँकेचं पान, वीजबिलाचं पान... जाऊ दे.

पण मी निवडलेल्या सेटिंग्ज कुठायत? मॅनिफेस्टमध्ये नाहीतच. त्या 'लोकल एक्स्टेन्शन सेटिंग्ज'मध्ये, त्याच आयडीखाली, लेव्हलडीबी नावाच्या डेटाबेसच्या फायलींत. नोटपॅडमध्ये उघडलं तर चौकोन न् कचरा, मधेच ओळखीचा एखादा शब्द. शिवाय बदललेली जुनी सेटिंगही कॉम्पॅक्शन (डेटाबेसची आपोआप होणारी साफसफाई) होईपर्यंत तिथेच पडून. म्हणजे माझं जुनं-नवं सगळं जपून ठेवलंय, फक्त मला दाखवायचं नाही.

भाऊ म्हणतो, "कायले डोकं लावून राहिला बे? चालते ना ते?"

चालतं. तेच तर!

असो. ती फाइल माणसासाठी नाहीच, वाचायची वाट ब्राउझरमधून आहे. एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'मध्ये 'इन्स्पेक्ट व्ह्यूज'समोर सर्व्हिस वर्कर (एक्स्टेन्शनचा मागे चालणारा भाग) उघडायचा, तिथल्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागी, अवेट क्रोम.स्टोरेज.लोकल.गेट(नल). सगळं साफ समोर येतं. सिंक (खात्यातून इतर यंत्रांवरही जाणारी साठवण) वापरणाऱ्या एक्स्टेन्शन्ससाठी 'लोकल'च्या जागी 'सिंक'. रिकामं आलं तर एक्स्टेन्शननं दुसरीकडे, बहुतेक इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधल्याच दुसऱ्या डेटाबेसमध्ये, साठवलंय. फोल्डरमधल्या स्क्रिप्टला मात्र हात लावायचा नाही. स्टोअरमधून घेतलेल्या एक्स्टेन्शनच्या फायलींचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) क्रोम ताडून बघतं आणि 'करप्ट' म्हणून ते बंद पाडतं. मालक मी, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

एक्स्टेन्शन काढलं की सेटिंग्जही जातात, म्हणून कन्सोलमधलं उत्तर आधी कॉपी करून ठेवलंय. स्क्रीनशॉटवालं राहू दिलं. फक्त 'साइट अ‍ॅक्सेस' 'ऑन क्लिक'वर आणला, म्हणजे मी बटण दाबल्यावरच त्याला पान वाचता येईल.