फॅट बॉय ११४ : काचेमागची थरथर अखेर आटोक्यात

हेल्मेटचं हलणं थांबलं! शंभरच्या वेगाला समोरच्या पाटीवरची अक्षरं आता एकेरी दिसतात. माझ्या हार्ले-डेव्हिडसन फॅट बॉयवर वारा अडवायला काच (विंडशील्ड) लावली आणि तिच्यामागे डोकंच थरथरायला लागलं, हे रडगाणं मी मागच्या दोन्ही नोंदींत गायलं होतं. पण आधी गाडी कशी चालते ते सांगून टाकतो, नाहीतर आजही सगळी जागा काचच खाणार.

१८६८ सीसीची ताकद अंगावर येत नाही, हेच पहिलं आश्चर्य. साडेसहाशे सीसीच्या ट्विनवर (दोन सिलिंडरची गाडी) गिअर बदलताना डाव्या पायाला उसंत नसायची. इथे सहाव्यात शंभरला इंजिन जेमतेम दोन-सव्वादोन हजार आरपीएमवर असतं आणि ओव्हरटेकसाठी गिअर पाडावा लागत नाही. टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या ओढीचा, कळस तीन-सव्वातीन हजारांच्या आसपास येतो. त्यापुढे पिळलं तरी हाती फारसं काही लागत नाही, म्हणून लवकर गिअर टाका आणि निवांत राहा. सॉफ्टेलच्या (फॅट बॉय हार्लेच्या याच घराण्यातली) फ्रेमला हे इंजिन मध्ये रबर न घालता थेट बोल्ट केलेलं असतं, त्यामुळे आत दोन काउंटरबॅलन्सर (थरथर मारणारी उलटी फिरती वजनं) आहेत. त्यांनी कंप मारला, पण ठोक्यांचं अंतर तेच राहिलं: एकदा ३१५ अंश, एकदा ४०५. आयडलची ती लंगडी चाल शाबूत आहे, आणि मला तेवढी पुरे.

वळणांबद्दल थोडक्यात. पुढे १६०, मागे २४०चा टायर. गाडी कलली की रुंद टायरचा जमिनीला टेकणारा भाग बराच आत सरकतो, म्हणून त्याच वेगाला, त्याच वळणावर जास्त कलावं लागतं. आणि कलायला मिळतं किती, तर साधारण २५ अंश. मग फूटबोर्ड (पाय ठेवायची पाटी) घासतो. तेव्हा वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, आतल्या बाजूचं हँडल हळू पण ठाम ढकलायचं आणि ढकललेलं सोडायचं नाही. तीनशे किलोच्या वरची गाडी आहे, घाई तिला मानवत नाही.

आता काच.

क्लॅम्पवाली, ‘सगळ्या क्रूझरना बसते’ म्हणून विकलेली. बसते, यात वाद नाही. छातीवरचा वारा गेला, पण ऐंशीच्या पुढे डोकं डबडब हलायला लागलं. फूटबोर्डवर जरा उभं राहिलं की शांत, टाकीवर वाकलं की शांत, नीट बसलं की तमाशा. म्हणजे काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारी भोवऱ्यांची पट्टी नेमकी हनुवटी ते व्हायझर या उंचीवर येत होती.

उंच काच घ्या, हा सल्ला सगळीकडून आला. मला तो पटत नाही. काचेतून पाहत गाडी चालवायची म्हणजे पावसात आणि रात्री दिव्यांच्या चकाकीत भोगावं लागतं. दुसरा सल्ला फोर्कमधली (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधली) फट बंद करण्याचा. तयार डिफ्लेक्टर (वारा वळवणारी पट्टी) घेण्याआधी पन्हाळीदार प्लास्टिकचा पुठ्ठा कापून झिप टायने बांधला (हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरतं ना, हे आधी बघा). खालून येणारा गारवा आणि घोंघाट कमी झाला, थरथर तशीच.

मग काचेच्या आतल्या बाजूला लोकरीचे बोटभर तुकडे टेपने चिकटवले. जे दिसलं त्याने डोकं ठिकाणावर आलं. वरच्या कडेजवळचे धागे मागे उडण्याऐवजी काचेकडे, उलटे वळत होते! काचेमागे दाब कमी, म्हणून वरून गेलेली हवा परत आत ओढली जात होती. मग तिला खालूनच थोडी हवा द्यायची. काच सबंध बोटभर खाली घेतली, तिरपी जरा मागे केली आणि हेडलाइट व काचेची खालची कड यांत दोन बोटांची फट ठेवली. धागे सरळ झाले. हेल्मेटवर आता वारा लागतो, पण एकसारखा लागतो.

क्लॅम्पचे स्क्रू मात्र भिकार. मऊ धातू, षटकोनी खाच दोनदा उघडझाप केल्यावर गोल व्हायला लागली. सगळे स्टेनलेसचे घातले. शिवाय गाडीवर इंची माप आणि क्लॅम्पवर मेट्रिक, त्यामुळे ॲलन कीचे दोन संच सोबत. गोल टोकाची ॲलन की स्क्रू शोधायला उत्तम, शेवटचा आवळा द्यायला अजिबात नको.

बारीक घुमणं अजून उरलंय. काचेची वरची कड इंचभर कापायची, असं ठरवून जिगसॉसाठी बारीक दातांचं पातं आणलंही होतं. पण हे लिहिताना लक्षात आलं की सीट बदलायचीच आहे. नव्या सीटवर डोकं इंचभर वर गेलं तर कापण्याचा परिणाम आपोआप मिळेल, आणि काच एकदा कापली की परत वाढत नाही. तेव्हा क्रम उलटा. आधी आत्ताच्या सीटवर फोमचा तुकडा बांधून बघतो, घुमणं गेलं तर सीटवाल्याला तीच उंची सांगायची. पुठ्ठ्याचा डिफ्लेक्टरही त्याच वेळी काढून पाहीन. नुसत्या फटीने काम होत असेल तर ते लोढणं कशाला?