मूळ मजकूरच धड नसेल तर?

“मूळ मजकूरच भिकार असेल तर काय करता? सुधारून घेता, की आहे तसाच उतरवता?” अनुवादाची कामं नव्यानं घ्यायला लागलेली मंडळी हे हमखास विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: मी आधी बघते की कागद पुरावा म्हणून वापरायचाय, की वाचून कुणी काही करणार आहे.

खरेदीखत, फेरफार, जुने जन्मदाखले व्हिसासाठी नाहीतर कोर्टासाठी इंग्रजीत करायला येतात. त्यातला गचाळपणा झाकायचा मला अधिकार नाही. एका खरेदीखतात सुरुवातीला क्षेत्र 40 आर होतं आणि चतुःसीमेच्या वर 40 गुंठे. बोलताना आपण आर आणि गुंठा सर्रास एकच धरतो, पण आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा 1089 चौरस फूट, म्हणजे 101 चौरस मीटरच्या थोडा वर. 40 गुंठ्यांचा बरोबर एकर भरतो, 40 आरला सुमारे 47 चौरस मीटर कमी पडतात. काम घेऊन आलेला मुलगा म्हणाला, “ताई, दोन्हीकडे एकच लिहा ना, तिकडच्यांना काय कळतंय!” नाही लिहिलं. दोन्ही आकडे ठेवले आणि खाली टीप दिली, ‘मुळात असेच’. एका पानावर दत्तात्रय आणि दुसऱ्यावर दत्तात्रेय असेल, तर तेही तसंच. दुरुस्ती हवी तर चूकदुरुस्ती दस्त करायचा, दुय्यम निबंधकाकडे. ते काम माझ्या टेबलावर होत नाही.

यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं उलटं. तिथे वाचणारा माणूस पान्हा हातात घेऊन उभा असतो. पाल्हाळ, तीच सूचना तीनदा, मोडकं व्याकरण हे सगळं मी न विचारता सरळ करते. पण चिनीतून कशीबशी इंग्रजीत आलेली एक पंपाची पुस्तिका होती, तिच्यातल्या एका वाक्यात दोन नकार एकमेकांत अडकले होते. मोटर थांबण्याआधी व्हॉल्व्ह बंद करायचा, की मुळीच करायचा नाही? अंदाज बांधून चालत नाही. सेंट्रिफ्युगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आधी बंद करून मग मोटर बंद करतात. प्लंजर पंपाचा चालू मोटरवर बंद केलात, तर दाब वाढून पाइप फुटू शकतो. आणि पुस्तिकेत पंपाची जातच कुठे दिलेली नव्हती.

अशा वेळी काम देणाऱ्याकडे शंकांची एक यादी जाते: पान क्रमांक, मूळ ओळ, अर्थ अ, अर्थ ब, यातला कोणता? समोरच्याला फक्त ‘ब’ एवढं टाइप करावं लागलं, तरच उत्तर लवकर येतं. ‘हे नीट लिहिलेलं नाही’ असं चुकूनही लिहू नका. लिहिणारा इंजिनियर बहुतेक त्याच मेलमध्ये सीसीत असतो.

पीडीएफमधून काढलेल्या फायली हा आणखी एक छळ. अनुवादाचं सॉफ्टवेअर मजकुराचे वाक्यागणिक तुकडे पाडतं, त्यांना सेगमेंट म्हणतात. इथे वाक्य मधेच तुटून दोन सेगमेंटमध्ये जातं, आणि मराठीत आपलं क्रियापद शेवटी. आधी सगळं जोडत बसावं लागतं. म्हणून फाईल शेवटच्या पानापर्यंत चाळल्याशिवाय मी शब्दाचा दर सांगतच नाही. असल्या फायलीला तर तासाचा लावते.

उत्तर आलंच नाही, तर ती ओळ पिवळी करून, दोन्ही अर्थ लिहून पाठवते आणि बिलाच्या मेलमध्ये पुन्हा त्याबद्दल विचारते. त्या मेलला मात्र सहसा कुणीतरी उत्तर देतं.